गाडीशिवाय पणजी जमतं, पण संध्याकाळ सांभाळा

तुमचा प्रश्न असा: चार दिवस पणजी, सोबत सत्तरीतले आई-बाबा, आईचे गुडघे दुखतात, स्कूटर तुम्हाला येत नाही आणि रोजची टॅक्सी परवडत नाही. मी पणजीत नऊ वर्षं काढली, त्यातली सहा स्वतःच्या गाडीशिवाय. जमेल.

आधी मुक्कामाचं बघा. स्वस्त पडते म्हणून लांब किनाऱ्यावरच्या कळंगुटला खोली घेऊ नका. पाटो भागातल्या कदंब स्टँडवरून, म्हणजे सरकारी बसच्या स्थानकावरून, चालत जाता येईल अशी जागा शोधा, फोंतेन्हास किंवा मळा या वस्त्यांत. मध्ये खाडी आहे, तिच्यावर पादचारी पूल आहे. तो ओलांडला की जुन्या घरांची वस्ती. अल्तिनो मात्र टाळा, चढानेच आईंचा दिवस संपेल.

रेल्वेने येणार असाल तर पणजीला स्टेशन नाही. जवळचं करमळी, ओल्ड गोव्याला लागून. गाडी तिथे थांबत नसेल तर थिवी किंवा मडगाव. मडगावला स्टेशनवरून रिक्षाने कदंब स्टँड गाठा आणि पणजीची शटल धरा. शटल मध्ये थांबत नाही, सगळ्यांना बसायला मिळतं, तासाभरात पणजी. म्हापसा आणि वास्कोलाही अशाच शटल आहेत. म्हापशाला जायचं तर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी.

खासगी बसची गंमत वेगळी. कंडक्टर दारात लटकून गावाचं नाव ओरडतो, गाडी भरली तरी 'फाटीं वच, फाटीं वच' म्हणजे मागे सरका हे चालूच. मागे जागा नसते हे त्यालाही ठाऊक असतं. सुट्टे पैसे हातात ठेवा, आणि आई-बाबांना स्टँडवरूनच बसवा, मधल्या थांब्यावर चढायला लावू नका. मिरामार-दोनापावलाच्या बसही स्टँडवरून मिळतात.

ओल्ड गोव्याची बस रायबंदरमार्गे जाते का, हे विचारून चढा. बायपासची लवकर पोचते, पण रायबंदरचा पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला बांध आणि शेजारची मांडवी खिडकीतून बघायला मिळते ती रायबंदरच्याच रस्त्याने.

आता माझी आवडती गोष्ट, फेरीबोट. पणजीच्या धक्क्यावरून मांडवीपलीकडे बेती. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. लोखंडी फळी खडखडत खाली येते, आधी स्कूटरवाले सुटतात. त्यांना जाऊ द्या, मग आईंचा हात धरून सावकाश उतरा. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा नदी ओलांडायला फेरीबोटींचाच आधार होता. बेतीहून रेईश मागूशचा किल्ला जवळ आहे. रायबंदरहून चोडण बेटावर फेरी जाते, उतरलं की सलीम अली पक्षी अभयारण्य. ओल्ड गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली गेलात की दिवाडी बेटाची फेरी.

पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी, एकट्या माणसाला उत्तम, आई-बाबांसाठी नाही. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवा माइल्सचं टॅक्सीचं अ‍ॅप फोनवर असू द्या. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, मीटरवर विसंबू नका.

आणि खरी अडचण संध्याकाळची. मामा आले होते तेव्हा त्यांना सूर्यास्त दाखवायला कळंगुटला थांबलो. आठ वाजले, थांब्यावर आम्ही दोघं आणि एक कुत्रं. शेवटी टॅक्सी केली, आणि तिचे पैसे दिवसभराच्या बस, जेवण, नारळपाणी सगळ्याहून जास्त झाले. मामा अजून लग्नाकार्यात ते सांगतात. त्यामुळे लांबचे किनारे सकाळी करा, सूर्यास्ताआधी पणजीत परत या, आणि तो मिरामारच्या किनाऱ्यावर बघा. तिथून रिक्षाने परतलात तरी खिसा रिकामा होत नाही.

पावसाळ्यात येणार असाल तर तसं सांगा, मग दिवाडी-चोडणचं वेगळं सुचवतो.