नवे लाकडी स्लीपर: आधी स्टेन की आधी सीलर?

तुमचा प्रश्न असा की दापोलीला घरापुढच्या उतारावर वाफे बांधायला नवे लाकडी स्लीपर, म्हणजे जाड चौकोनी तुळया, आणल्यात, एप्रिल संपत आलाय, तर आगोटीच्या आत स्टेन (लाकडात मुरणारा रंग) आणि सीलर (पाणी अडवणारा थर) उरकून घेऊ का, आणि किती हात देऊ?

लाकूड ओलं असेल तर पावसाआधी ब्रश हातात घेऊ नका. मी गुहागरला हीच घाई केली होती. वखारीतून आकेशिया आणला आणि आठवड्याभरात चकचकीत पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात दिले. दुकानदार म्हणाला, बोटींना हेच लावतात. गणपतीला पाहुणे आले तेव्हा पापुद्रे सुटलेले आणि खाली काळी बुरशी. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. वरचा कडक पापुद्रा तेवढा हलत नाही, तडकतो. जमिनीतून आणि चिरांतून आत गेलेल्या पाण्याला मग बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून आत मुरणारा, तेलाचा स्टेनच घ्या. त्यातच पाणी झटकणारं द्रव्य असेल तर वेगळा सीलर नको.

लाकूड तयार आहे का ते असं बघा: पाण्याचे चार थेंब टाका. काही मिनिटांत जिरले तर ठीक. मण्यासारखे उभे राहिले तर एक तर लाकूड ओलं आहे, नाही तर रंध्याने त्याची छिद्रं दाबली गेलीत. ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून पुन्हा बघा. त्याहून बारीक पेपर नको, गुळगुळीत लाकूड स्टेन कमी पितं. जाड लाकडाला सुकायला इंचामागे वर्ष असा ढोबळ हिशेब आहे, पण आपल्याला कपाट करायचं नाहीये, वरचा अर्धा इंच सुकला तरी भागतं. नाहीच सुकलं तर पडवीत मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा आणि दिवाळीनंतर काम काढा. समुद्राजवळ असाल तर आधी गोड्या पाण्याने खार धुवा, दोन-तीन दिवस वाळू द्या, आणि सकाळचं दव उडाल्यावरच सुरुवात करा.

सगळा जीव टोकांवर ओता. कापलेलं टोक बाजूपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं, त्यामुळे जागेवर कापाल ते प्रत्येक तोंड तिथल्या तिथे भिजवा. मातीत जाणाऱ्या बाजूला आधी तांबेयुक्त वाळवीरोधक द्या, ते पूर्ण सुकलं की स्टेन. बोरॅक्स-बोरिकचं पाणी उघड्यावर पावसाने धुऊन जातं. स्टेनचे दोन पातळ हात पुरे. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेला स्टेन पुसा, नाहीतर चिकट राहतो. बिनरंगी घेऊ नका. ऊन अडवतो तो रंगाचा कण, तो नसेल तर लाकूड लवकर राखाडी पडतं.

काजूच्या टरफलाचं तेलही चालतं, होड्यांना लावायची जुनी रीतच आहे. काळपट रंग येतो. हातमोजे मात्र घाला, कातडीला फोड येतात. ते लावलंत तर वर स्टेनच्या भानगडीत पडू नका.

खाली खडी किंवा जांभ्याची फोड घाला. आपल्याकडच्या पावसात स्लीपर चिखलात बसला तर वरचा कुठलाही रंग त्याला वाचवत नाही. साधे लोखंडी खिळे नकोत, लाकडातल्या टॅनिनने भोवती काळे ओघळ येतात. जुने रेल्वेचे स्लीपर स्वस्तात मिळाले तरी भाजीच्या वाफ्याला लावू नका, त्यांत क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल असतं.

पुढे वरच्या अंगाला दर वर्षी एक हात, उभ्या बाजूंना दोन वर्षांनी.

आणि तेलाचे फडके चुरगाळून पडवीच्या कोपऱ्यात टाकू नका. स्टेनमधलं जवसाचं तेल सुकताना तापतं, गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवा, अंगणात मोकळे पसरून कडक वाळवा, मगच फेका.