चिंचेखाली वटवाघळे मरून पडली, झाड तोडावे का?

प्रश्न : मे महिन्यात गावाजवळच्या जुन्या चिंचेवरची वटवाघळे भरदुपारी पटापट खाली पडून मेली. रोगाच्या भीतीने लोक झाड तोडायला निघालेत. उरलेली वटवाघळे रात्री आंब्याच्या बागेत शिरतात. काय करावे?

उत्तर : आधी कुऱ्हाड खाली ठेवा. कडक उन्हाच्या दिवसांत भरदुपारी असे झाले, तर पहिला संशय उष्माघाताचा घ्यावा. वटवाघळाला घाम येत नाही. पंखांनी वारा घेणे, धापा टाकणे, अंगाला लाळ फासणे एवढेच त्याच्या हाती असते. पारा ४२ अंशांपलीकडे गेला की तेही पुरत नाही. मे २०२० मध्ये गोरखपूरजवळ शेकडो वटवाघळे अशीच मेली. कोरोनाचे दिवस, लोक हादरले. बरेलीच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तपासणी झाली, तेव्हा उष्म्याने मेंदूत रक्तस्राव झाल्याचे निघाले. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१८ च्या उष्णतेच्या लाटेत एकाच जातीची सुमारे २३ हजार वटवाघळे गेली. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते, त्यामुळे ही तूट भरायला फार वर्षे लागतात. म्हणून त्यांची सावली तोडू नका. दुपारी फटाके, दगड तर अजिबात नको; घाबरून उडाली की अंग आणखी तापते.

तरीही मेलेले किंवा पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि वनविभागाला कळवा, त्यांच्या सल्ल्याने फावड्याने उचलून खोल पुरा. चावा बसला तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिन्हीसांजेला वटवाघळे पाण्यावरून झेपावत पोट भिजवतात आणि मग ती ओल चाटतात. त्यासाठी तळ्याचा एक भाग तारा-जाळ्यांविना मोकळा ठेवा.

आता आंबा. वटवाघळांची भटकंती फुला-फळांमागे चालते. पाऊस मागेपुढे झाला, मोह-उंबराचा हंगाम विस्कटला, की ती बागेकडे वळतात. फळ अंड्याएवढे झाले की कागदी पिशवी बांधा. यंदा ती वेळ गेली असेल तर जाळी लावा, पण ताणून. सैल नायलॉन जाळीत ती अडकून तडफडून मरतात. मारायची मोकळीक आहे असे अजून पुष्कळांना वाटते. पण वन्यजीव संरक्षण कायद्यातली उपद्रवी प्राण्यांची अनुसूची (यादी), जिच्यात फळे खाणारी वटवाघळे होती, ती २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे.