बुडणारी बँक सरकारने का विकत घ्यावी?

प्रश्न : २००८च्या जागतिक आर्थिक संकटात ब्रिटनच्या सरकारनेही बँका ताब्यात घेतल्या. मूठभरांच्या चुकीची भरपाई करदात्याने का करायची? – एक निवृत्त शिक्षक, विटा (जि. सांगली)

उत्तर : आपला रोष रास्त आहे; परंतु बँक वाचवणे आणि बँकेच्या मालकांना वाचवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सारा न्याय-अन्याय या भेदावर ठरतो. फेब्रुवारी २००८मध्ये ब्रिटनची नॉर्दर्न रॉक बँक सरकारजमा झाली, तेव्हा ठेवी सुरक्षित राहिल्या, भागधारकांना मात्र एक पेनीही मिळाली नाही. मला हा मार्ग योग्य वाटतो. स्वीडनने १९९२मध्ये नॉर्डबँकेन या बँकेची बुडीत कर्जे ‘सेक्युरम’ या स्वतंत्र सरकारी कंपनीकडे सोपवून बँकेचे नेहमीचे काम मोकळे केले.

रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा अनुभव कडू आहे. तिच्यात सुमारे ४,५५० कोटी पौंड ओतून ब्रिटिश सरकारने बहुसंख्य मालकी घेतली. शेवटचे भाग विकायला मे २०२५ उजाडले, आणि घातलेली रक्कम पूर्ण वसूल झालीच नाही. तरीही ती बँक कोसळू दिली असती, तर पगार, हुंड्या आणि इतर बँकांची देणी एकदम अडकली असती, हे विसरता येत नाही.

आपल्या शेजारच्या साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६मध्ये अडचणीत आली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले आणि महिन्याभरातच ती तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या आयडीबीआय बँकेमध्ये विलीन केली. ठेवीदारांच्या दृष्टीने त्या निर्णयाचे मोल त्याच्या वेगात होते.