भिंतीतल्या स्पीकरना अ‍ॅम्प कोणता? आधी भिंत बघा

हॉलच्या भिंतीत बसणारे साडेसहा इंची स्पीकर ठरलेत, गाणी ऐकायला स्टिरिओ करायचाय, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) कोणता घेऊ, असं विचारलंय तुम्ही. अ‍ॅम्पचं सांगतो, पण भिंत कसली आहे ते लिहिलंच नाही की!

कोल्हापुरात रुईकर कॉलनीत आमच्या दादानं घराचं काम काढलं. इंटेरिअरवाल्याला जमिनीवर उभे ठेवायचे टॉवर स्पीकर म्हणजे अडगळ. त्यानं टीव्हीमागच्या जिप्सम पार्टिशनला दोन भोकं पाडून स्पीकर बसवले. मागं बॉक्स नाही, रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) नाही. उंची सहा फूट, कारण खाली शोकेस! मी तिथंच म्हटलं, दादा, या स्पीकरना स्वतःची पेटी नसते, भिंतीतली पोकळी हीच त्यांची पेटी. अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या भिंती डोळ्यासमोर ठेवून केलेला माल हा. "तू लई कान लावून ऐकतोस," म्हणून त्यानं विषय मिटवला.

वास्तुशांतीला रात्री जयपूर घराण्याचं गाणं लावलं. त्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाँ खाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, तिथं हे ऐकायची पाळी! जिप्समच्या बोर्डावर पंजा टेकवला तर डग्ग्याची प्रत्येक घुमक तळहाताला लागत होती. पलीकडच्या खोलीत वहिनींच्या कपाटाची काच किणकिणत होती, आणि तंबोरा कुठं, तर पंख्याजवळ. दादा पाहुण्यांना सांगतोय, "बेस बघा कसाय!" बेस कसला, पार्टिशन बोंबलत होतं.

तर जिप्सम असेल तर मागं बंद बॉक्स, आजूबाजूच्या पोकळीत रॉकवूल आणि बोर्ड डबल. नऊ इंची विटांची भिंत असेल तर खोदून कंपनीनं सांगितलेल्या मापाचा बॅकबॉक्स बसवा. अर्ध्या विटेच्या भिंतीच्या नादाला लागू नका, कॉलमला तर छिन्नी लावूच नका. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, म्हणजे तीन-सव्वातीन फुटांवर. टॉवर वीतभर पुढंमागं सरकवून बघता येतो, भिंतीतलं भोक सरकत नाही. दादाशी माझं भांडण एवढंच होतं.

अ‍ॅम्प म्हणाल तर 8 ओहमच्या स्पीकरना आपल्याकडच्या हॉलमध्ये चॅनेलला 50 वॉट पुष्कळ. बघायचं ते वेगळंच. सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा वेगळा स्पीकर, लावणार असाल (लावाच) तर 80 हर्ट्झखालचा आवाज भिंतीतल्या स्पीकरकडं जाऊच नये अशी सोय हवी. बऱ्याच साध्या स्टिरिओ अ‍ॅम्पना सब-आउट (सबवूफर जोडायची जागा) असतो, पण ही सोय नसते. टीव्ही-सिनेमासाठीच्या एव्ही रिसीव्हरला असते.

भिंतीतल्या स्पीकरची एक बाजू मात्र मान्य. तोंड भिंतीच्या पातळीत असल्यामुळं मागच्या भिंतीवरून आवाज परत येऊन खालचे सूर गढूळ होत नाहीत. सिनेमासाठी मागचे स्पीकर तर खुशाल भिंतीत घाला. फक्त पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा, आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच.

दादा हल्ली गाणं ऐकायला माझ्याकडं येतो. टॉवरनं हॉल अडतो, हे अजूनही सांगतो, त्याच टॉवरसमोर बसून.