लहान लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच अर्धी स्क्रीन खातं, मोठा लॅपटॉप घ्यावा का?

घेऊ नका. निदान सॉफ्टवेअरवाल्यांच्या सांगण्यावरून तर नकोच.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. लॅपटॉप १४ इंची, स्क्रीन १३६६ × ७६८, म्हणजे रुंदीला १३६६ आणि उंचीला ७६८ ठिपके (पिक्सेल). ऐन मार्चअखेरीला आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं. वर ही जाड निळी पट्टी, तिच्यात संस्थेचं नाव आणि लोगो (आपण नोकरीला कुठे आहोत हे आम्ही विसरू म्हणून असेल), खाली टपोरे रकाने, मध्ये नुसतं पांढरं. आणि 'जतन करा' बटण स्क्रीनच्याही खाली. खिडकी वर सरकेना, स्क्रोल होईना. मग टॅब मोजून दाबायचा आणि अंदाजाने एंटर. एका संध्याकाळी एक टॅब जास्त पडला, शेजारचं 'रद्द' लागलं. चाळीस व्हाउचरांची अख्खी बॅच गेली. पुन्हा मारेपर्यंत शेवटची एसटीही गेली.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर तिकडचा पोरगा म्हणतो, "सर, आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय." दिसणारच की! समोर २४ इंची मॉनिटर असल्यावर काय दिसणार नाही? वर सल्ला, "लॅपटॉप बदलून टाका ना."

अरे, जुन्या चौकोनी मॉनिटरवर १०२४ × ७६८ असायचं. स्क्रीन रुंद झाली, उंची तेवढीच राहिली. तरी या सॉफ्टवेअरवाल्यांच्या पट्ट्या आडव्याच, एकीवर एक, आणि दोन्ही बाजू ओस. उबुंटूवाल्यांना (विंडोजसारखीच ती एक फुकट प्रणाली) हे २०१० सालीच कळलं होतं, नेटबुकसाठी, म्हणजे छोट्या लॅपटॉपसाठी काढलेल्या 'युनिटी' नावाच्या स्क्रीन-मांडणीत त्यांनी आयकॉनची पट्टी डावीकडे उभी केली. उलट २०२१ मध्ये विंडोज ११ आलं ते टास्कबार (स्क्रीनच्या तळाची पट्टी) बाजूला न्यायची जुनी सोय काढूनच.

तुमच्यापुरतं म्हणाल तर एक्सेल-वर्डमध्ये कंट्रोल एफ१ दाबून रिबन (वरची बटणांची जाड पट्टी) मिटवा, ब्राउझरला एफ११, टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा. चारपाच ओळी सहज वाढतात.

हां, एक राहिलं. डोळ्यांना बरं म्हणून मी विंडोजचं स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायची सोय) १२५ टक्के ठेवलं होतं. म्हणजे ७६८ पैकी सॉफ्टवेअरच्या वाट्याला ६१४ च येत होते. १०० वर आणल्यावर बटणाची वरची कड दिसायला लागली. नुसती कडच, आणि अक्षरं मुंगीएवढी. त्या पोराला हे मी अजून सांगितलेलं नाही.