हाताला काम नसलेली माणसे समाजमंदिरात का येत नाहीत?

वस्तीतील समाजमंदिरात वाचनालय सुरू केले, तरी ज्यांच्या हाताला कायम काम नाही तीच माणसे तिकडे फिरकत नाहीत, असे का, असे आपण विचारले आहे. नागपुरात अशाच एका समाजमंदिराच्या कामात असल्यामुळे जवळून पाहिलेले लिहितो.

वेळ मोकळा आहे म्हणून माणूस येईलच, असे होत नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावची गिरणी बंद पडल्यावर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेली पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की लोकांना वेळच वेळ असूनही ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली आणि पुरुषांची चालसुद्धा मंदावली.

आपल्याकडे सकाळी रोजंदारीचे मजूर कामाच्या शोधात जमतात अशा कोणत्याही ठिय्यावर जाऊन बघा. ठेकेदार येतो, मजुरी ठरते, चार जण त्याच्यासोबत जातात. उरलेले डब्याची पिशवी सायकलला अडकवून उन्हे चढेपर्यंत थांबतात. तोवर ते माणसांत असतात. नंतर मात्र लवकर घरी परतावे तर काम मिळाले नाही हे शेजाऱ्यांना कळते, म्हणून कोणी गांधीसागर तलावाच्या काठी, कोणी एखाद्या बगिच्यात एकट्यानेच डबा खाऊन संध्याकाळ करतो. नेमक्या त्याच वेळी आपल्या समाजमंदिरांना कुलूप असते!

टपरीवर बसावे, तर तिथे चहाचा हिशेब आड येतो. दोनदा दुसऱ्याचा चहा घेतला आणि तिसऱ्यांदा आपल्याला पाजता आला नाही, की माणूस रस्ताच बदलतो. आहेराच्या धास्तीने लग्नाला जाणे टाळतात, तेही याच कारणाने.

म्हणून अकरा ते पाच जागा उघडी ठेवावी आणि किल्ली त्यांच्यापैकीच एकाकडे द्यावी, म्हणजे निदान त्याला तरी रोज येणे भाग पडेल. नोंदवहीत व्यवसायाचा रकाना ठेवू नये. अभ्यासिकेत शांतता लागते आणि या माणसांना तर बोलायचे असते, तेव्हा कॅरमसह त्यांची बैठक व्हरांड्यात असावी. धुणीभांडी करणाऱ्या बायका पुरुषांच्या या बैठकीत येणार नाहीत. त्यांच्यासाठी बचत गटाच्या निमित्ताने वेगळी वेळ ठरवावी लागेल.

सुरुवात शक्यतो एप्रिल-मेमध्ये करा. पारा ४५ अंशांकडे गेला की सावलीला आत येणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. दाराशी पाण्याचा माठ भरून ठेवावा आणि पहिले काही आठवडे कोणतेही भाषण, शिबिर वा सर्वेक्षण ठेवू नये.