ऊसतोड मजुरांची मुलं नववी-दहावीत का गळतात?

कोल्हापुरात शाळा चांगल्या असूनही बाहेरून आलेली मुलं माध्यमिकला मागे का पडतात, असं तुम्ही विचारलंय. हुशारीचा यात काही संबंध नाही. साखर हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. म्हणजे अभ्यासाचे महिने नेमके उसाच्या फडातले. बीडकडून आलेले आई-बाप मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला पहाटेच तोडीला जातात. मग कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं, भाकरी थापणं नववीतल्या पोरीवर येतं. त्याच वेळी गावातली तिच्या वयाची पोरगी सायकलवरून क्लासला निघालेली असते. ही दरी गुणपत्रिकेत दिसणारच.

कायदाही इथेच थांबतो, याचा मला खरंच राग येतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतच, आठवीपर्यंत. तोवर आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. नववीला या कायद्याची हमी संपते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) हिंदी भाषक कामगारांच्या मुलांना शिवाय मराठीची अडचण.

शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे वसतिगृहं उभी केली, कारण राहायची सोय नसेल तर शिक्षण होत नाही. आजही माध्यमिकच्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, तेच हवंय.

ओळखीत अशी मुलगी असेल आणि शाळा सुटलीच असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. मुदत मात्र आधीच बघून ठेवा.